सिक्काकोंडैति

खानापूरच्या ठाण्यातल्या रजिस्टरात
रायफल चारशे सतरासमोर
कुणीतरी निळ्या शाईत लिहून ठेवलंय:
गुंडु सिक्काकोंडैति.
गोळी अडकली आहे. इतकंच.
तारीख, सही, शिक्का.

मी ते ओमाण्णा हलगेकरांना वाचून दाखवते.
कन्नड त्यांना बोलता येतं, कडाकडा भांडता येतं,
वाचता येत नाही.
"अडकली म्हणजे कुठं ग?
घशात, दातात, का ताटातच राहिली?"

अकरा वर्षं झाली त्यांना कॅम्पातलं वर्कशॉप सोडून.
एसेलार आता कुणाला कळत नाही
म्हणून साहेबांनी जीप पाठवली.
ते आले चपला घालून, डबा घेऊन,
आणि आधी नुसतं पुसत बसले.
तीन जणांनी तीन वेळा तेल पाजलं होतं तिला,
त्यावर चांदमारीची तांबडी धूळ,
धुळीवर पुन्हा तेल.
"अजीर्ण झालेल्याला कुणी जेवू घालतं काय?"

काजूच्या बागेमागं, चिऱ्याच्या खाणीत
त्यांनी मला एकच गोळी भरायला लावली.
आवाज. बोल्ट मागं गेला आणि मागंच उभा राहिला.
"दम हाय तिच्यात. गॅसला हात लावायचा न्हाई."
टरफल कुठं पडलं तेही बघून यायला सांगितलं.
सात पावलांवर, वाळल्या पानांत, अजून गरम.

मग पुरं मॅगझीन.
मी मोठ्यानं मोजत होते, ते ओठांकडे बघत होते माझ्या.
आठ.
आणि नवव्याला नुसता खटका.
उघडलं तर बोल्ट वरून रिकामाच गेलेला,
गोळी खाली नाक खुपसून निजलेली.
पुन्हा भरलं. पुन्हा आठ.
दुसरं मॅगझीन लावलं तर वीसच्या वीस,
दाणे सांडावेत तशी.

पहिल्यावर त्यांनी खडूनं फुली मारली.
आत अंगठा घालून ताटली दाबली, सोडली.
खालून निघाली, मधल्या जागी थांबली,
विचार करून मग वर आली.
"हितं," ते म्हणाले, आणि माझं बोट धरून
पत्र्यावर टेकवलं.
डाव्या अंगाला, चिंचोक्याएवढा खळगा.
दिसत नव्हता. लागत होता.
"याच्यानं कुणीतरी काजू फोडल्यात."
दाराशी उभा भरमा वर बघू लागला.
"भरमा, आभाळात काय बघूलास?"

सागवानाचा ठोकळा आत, बारकी हातोडी बाहेर.
ठोके घालायच्या आधी थांबले.
"उजवा कान रेंजवर गेला, डावा त्याच्या मागनं.
आवाज बदलला की सांग."
मी असं कधी काही ऐकलं नव्हतं.
टक. टक. टक.
टक.
ठक.
"बदलला," मी म्हटलं,
आणि हातोडी हवेतच राहिली.

वीस गोळ्या गेल्या. विसाव्यानंतर
खाणीच्या भिंतीतून आवाज परत यायला वेळ लागला,
टिटवी ओरडली, भरमानं टाळी वाजवली.

येताना जीपमध्ये मी सांगून टाकलं:
पुढच्या दोन तारखेला या सगळ्या जुन्या
टेंपोत भरून बेंगळुरूला जमा होणार.
"व्हय की. साहेब सकाळीच बोलले."
डबा उघडला, भाकरीचा तुकडा मला दिला,
पुढं काही बोलले नाहीत.

ठाण्यात आल्यावर रजिस्टर मागितलं.
ते मराठीत सांगत गेले, मी कन्नडमध्ये लिहीत गेले:
दोष रायफलीत नाही. मॅगझीन, फुली केलेलं.
नववी गोळी. खळगा. काढला.
"डाव्या अंगाला, ते लिवलंस?"
लिहिलं.
"कुठं हाय ते, दाखव."
मी दाखवलं: एडगडे.
त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं,
मघा पत्र्यावरून फिरवलं होतं तसंच,
आणि खाली मराठीत सही केली.
पानावर तेलाचा डाग पडला.
मागच्या पानावरूनही दिसतो तो.